वाऱ्याची बाही

कागदोपत्री ती वायुशंकू.
आमच्या सोनखांबात तिला वाऱ्याची बाही म्हणतात,
कारण ती शिवते वच्छला उईके,
जी गावाची पोलकी शिवते, शाळेचे गणवेश,
आणि दर दोन उन्हाळ्यांनी
शासकीय विमानविद्या महाविद्यालयाची ही एक बाही,
जिला सदरा नाही.

पहिली तिच्या सासूनं शिवली, तंबूच्या कापडाची.
पट्टीचं डांबर तेव्हा पायाला चिकटत होतं.
पहिलं विमान येणार म्हणून आत्राम कोतवालानं
गावाचे बैल नाल्यापलीकडे नेऊन बांधले :
"बुजतीन ना बापा."
बैल रवंथ करत उभे राहिले.
कोतवाल पळसाच्या झाडामागे सापडला.

मी नोंदवही लिहायचो.
वेळ. वारा. वर कोण गेलं. खाली कोण आलं.
दोन्ही रकाने जुळले की कंदील मालवायचा
आणि सायकल काढायची.
एकदाच जुळले नाहीत.
अंधार पडला, साहेब बिडी उलटी ओढायला लागले,
तेव्हा वणीकडचा तो झाडे नावाचा पोरगा
पायी आला, बुटांना जवसाची माती.
विमान शेतात शाबूत होतं.
शेतवाल्यानं चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही म्हणाला.

मग गुरुजींना मोठ्या कंपनीनं नेलं,
एका विमानाचं इंजिन दुसऱ्यात गेलं,
दुसऱ्याचं चाक कुठं गेलं, त्याची चौकशी बसली
आणि बसूनच राहिली.
आठ वर्षं.
मला कोणी थांब म्हणालं नाही, म्हणून मी लिहीत राहिलो :
वारा पश्चिमेचा, मंद.
वर : कोणी नाही.
खाली : सगळेच.

मोकळ्या पट्टीवर गावानं मिरच्या वाळत घातल्या.
एवढं सपाट, एवढं तापणारं अंगण
सात गावांत कोणाकडं नव्हतं.
वरून पाहिलं असतं कोणी
तर लाल पट्टी दिसली असती, अर्धा कोस लांब.
पाहायला वर कोणी नव्हतं.
वच्छला मात्र बाही शिवत राहिली, बिल न लावता.
"वाऱ्याले का माहीत," म्हणायची, "कालेज बंद हाये म्हणून?"

मागल्या पौषात दोन नवी विमानं आली.
मिरच्या उचलायला दोन दिवस लागले, बियांना तिसरा.
तरी नव्या बाई, कॅप्टन दांडेकर,
उतरल्या त्या शिंकतच,
आणि त्यांचं पहिलं भाषण तेवढंच झालं.

आता प्राचार्यांच्या भिंतीवर नकाशा आहे :
मुलींचं वसतिगृह, इंजिनदुरुस्तीची शाळा,
रात्री उतरायचे दिवे, दोन्ही अंगांना.
पालीनं नेमकी दिव्यांवर अंडी घातलीत.
फाटकावरच्या पाटीतला 'वि' गळून पडलाय,
एसटीचा कंडक्टर ओरडतो, "मानविद्या, उतरा!"
हसू नका. पोरं उतरतात.
पुसदची, अहेरीची, एक तर थेट मेळघाटातून,
ट्रंकेवर नाव रंगवलेलं, आणि नावापुढं
आत्ताच, कच्च्या रंगात : वैमानिक.

लोचना आत्राम त्यातलीच. कोतवालाची पणती.
पहिल्या दिवशी बाहीखाली उभी राहून म्हणाली,
"हे निळं ठिगळ माझ्या शाळेच्या स्कर्टचं हाये."
वच्छलानं चष्मा पुसला, पाहिलं,
"असन," म्हणाली. "चिंध्या कोन मोजते?"

मे महिन्यात इथली हवा ताकासारखी पातळ होते,
विमान उठायला पट्टी जास्त खातं.
म्हणून सगळं पहाटेच.
आज सव्वासहाला बाई खाली उतरल्या,
दार लावलं, आणि विमानावर
फक्त थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी.

एकट्यानं वर जाऊन आलेल्याच्या अंगावर
बादलीभर पाणी ओतायची इथली रीत.
टँकर परवा येणार. अर्धी बादली जमलीय,
वच्छलानं ती सावलीत ठेवलीय, वर ताट झाकून.

माझी नोकरी संपून चार वर्षं झाली.
वही अजून माझ्याकडेच आहे.
वारा : ईशान्येचा, बाही अर्धी भरलेली.
वर : लोचना आत्राम. एकटी.
खाली :